जिऱ्याच्या पुडीतला चौथा भाग

चार दिवस झाले तरी निशातगंजात कुणी छंगामलच्या दुकानावर साधा खडासुद्धा फेकला नव्हता. पद्मिनीला तीच काळजी लागून राहिली होती.

"कुणी काही बोललं का रे?" नवरा, भास्कर, भाजी घेऊन आला की ती विचारायची.

"कशाबद्दल?"

"छंगामलबद्दल."

"हो, सब्जीवाला म्हणत होता. छंगामलचा गूळ फार चांगला असतो."

पद्मिनी कपाळाला हात लावून बसली.

त्याचं असं झालं होतं. लखनऊच्या एका हिंदी दैनिकात पद्मिनी महिलांचं पान सांभाळायची. सांभाळायची म्हणजे लोणचं, लोकर आणि लहान मुलांचा खोकला, आलटून पालटून. सन ब्याऐंशीपर्यंत तिनं आंब्याचं लोणचं इतक्या प्रकारांनी घातलं होतं, की आंब्यालाही कंटाळा आला असेल. आणि तेवढ्या काळात तिला एक गोष्ट कळून चुकली होती. घरात पेपर आला की तो आधी सासऱ्याकडे जातो, मग नवऱ्याकडे, मग दिराकडे, मग रद्दीत. बाईच्या हातात तो येतो शेवटी, जिऱ्याची पुडी होऊन. तेव्हा मात्र ती वाचते. चुलीवर डाळ ठेवते, पुडी सोडते, कागद हातानं सपाट करते आणि उभ्याउभ्या वाचते. अर्धीच बातमी. उरलेली अर्धी कुणा दुसरीच्या धण्यात गेलेली असते.

मग पेपर थेट पुडी करूनच का पाठवू नये? आतून कोरी, बाहेरून छापलेली. एका पुडीत एक अख्खी बातमी, मोठ्या अक्षरात.

संपादक नरेंद्रजी हे ऐकून इतके हसले, की त्यांच्या तोंडातल्या पानानं समोरचं प्रूफ लाल झालं. पण मग त्यांना कळलं, की दिल्लीचा एक न्यास दरवर्षी एका महिला पत्रकाराला तिच्या नव्या कल्पनेसाठी पुरस्कार देतो, वर्षभराचा सगळा खर्च उचलतो आणि दैनिकाचं नावही छापतो. नरेंद्रजींनी रुमालानं प्रूफ पुसलं.

"छापिए," ते म्हणाले. "मगर सुन लीजिए पद्मिनीजी. इनाम आया तो पुड़िया चलेगी. नहीं आया तो आप वापस अचार पर."

छपाईच्या रिळाचा शेवटचा उरलेला कागद मिळू लागला. शहराबाहेरच्या चिनहटच्या बायका खळ लावून पुड्या चिकटवायच्या. प्रश्न होता दुकानाचा. निशातगंजातल्या एकाही किराणेवाल्याला बातमीशी घरोबा नको होता. एकटा छंगामल तयार झाला. पुड्या फुकट होत्या ना! तो त्या वाचत नव्हता. "रद्दी पढ़ने बैठूँगा तो तौलेगा कौन?" असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग पद्मिनीनं पाण्याला हात घातला.

मे महिना. छंगामलच्या मागच्या गल्लीत नळ कोरडे. पहाटे दोन बादल्या पाणी आलं तर आलं. पद्मिनीनं मालिकाच सुरू केली, 'पानी किसके घर रुकता है?' पहिल्या भागात पाणी टाकीतून निघालं, दुसऱ्यात चौकापर्यंत आलं, तिसऱ्यात गल्लीच्या तोंडाशी गायब झालं. खाली ठळक छापलं होतं: 'नाम अगली पुड़िया में.'

आणि चौथ्या भागासाठी नाव शोधत पद्मिनी भर दुपारी गल्लीच्या मागच्या अंगाला गेली, तर एका गोदामातून पंपाची घरघर येत होती. अंगणातला हौद भरून वाहत होता आणि म्हैस त्या पाण्यात डोळे मिटून उभी होती. म्हैस छंगामलची होती. गोदामही त्याचंच होतं.

ती समोर जाऊन त्याला विचारूनच आली. पत्रकार होती, बाजू ऐकून घ्यायला हवी.

"भैया, आपके यहाँ पंप है?"

"दीदी," छंगामल हात जोडून म्हणाला, "भगवान का दिया सब है."

ते उत्तर तिनं जसंच्या तसं छापायला दिलं. तेवढ्यात न्यासाचं पत्र आलं: निवड समिती मंगळवारी सकाळी निशातगंजात येऊन प्रकल्प बघणार.

"एक हफ़्ता रुक जाइए," नरेंद्रजींनी विनवलं. "इनाम ले लीजिए, फिर छंगामल को ले लीजिए."

"तिसऱ्या पुडीत छापलंय, नाव पुढच्या पुडीत म्हणून," पद्मिनी घरी येऊन भास्करला म्हणाली. "आता मी काय करू? पाचवीत देईन म्हणू?"

भास्कर संशोधन संस्थेत किडे तपासायचा. त्याला गोष्टी नीट मांडून लागायच्या. "म्हणजे चोराची बातमी चोरच वाटणार, चोराच्या दुकानातून. आणि त्यानं ती वाचली, तर पुड्या चुलीत, दुकान बंद आणि समितीला दाखवायला काही नाही."

"तो वाचत नाही."

"आणि गिऱ्हाइकांनी वाचली तर?"

"तर दंगा होईल. समिती येईल तेव्हा दुकानच नसेल."

"मग काय झालेलं बरं?"

"काहीच नाही," पद्मिनी म्हणाली, आणि शुक्रवारी संध्याकाळी चौथा भाग छंगामलच्या दुकानात जाऊन पडला.

आणि खरंच काहीच झालं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी न राहवून ती दुकानात गेली. तिला वाटलं, गठ्ठा तसाच पडला असेल. गठ्ठा तर जवळजवळ संपत आला होता आणि छंगामल खुशीत होता.

"दीदी, ऐसी बिक्री बाप के ज़माने में नहीं हुई. ज़ीरा ख़त्म, राई ख़त्म, धनिया कल ही मँगवाया था, वो भी ख़त्म!"

पद्मिनी घरी आली ती पाय ओढत. पुड्या घराघरात गेल्या होत्या. नाव त्यात होतं, गाव होतं, म्हैससुद्धा होती. आणि कुणी हूं का चूं केलं नव्हतं. याचा अर्थ एकच. कुणी वाचतच नव्हतं. चुलीपाशी उभी राहून कागद सपाट करणारी ती बाई पद्मिनीच्या डोक्यातच राहत होती.

"उद्या समितीला काय सांगू?" ती म्हणाली. भास्करला पहिल्यांदाच काही मांडता येईना.

मंगळवारी अकरालाच लूच्या गरम झळा सुरू झाल्या होत्या. न्यासाची गाडी दुकानासमोर थांबली. अध्यक्षा मधुमतीजी उतरल्या. निवृत्त प्राध्यापिका, काळी छत्री, चेहऱ्यावर एकही गुण वाढवून न देणाऱ्या परीक्षकाचा भाव. मागून दोन सदस्य घाम पुसत उतरले. नरेंद्रजी मोगऱ्याच्या फुलांचा हार घेऊन तयार होते. मधुमतीजींनी हाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"आपके तीनों अंक मैंने पढ़े हैं," त्या पद्मिनीला म्हणाल्या. "काग़ज़ देख लिया. अब हमें पढ़ने वाली दिखाइए."

तेवढ्यात दुकानात एक बाई आली. इकडच्या पद्धतीचा सरळ पल्ला, डोक्यावरून नाकापर्यंत पदर.

"भैया, साबूदाना देना. और मूँगफली."

छंगामलनं पुडी बांधून दिली. चौथा भाग, ताजा. बाईनं ती उगीचच सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि जोरात म्हणाली, "वा! क्या ख़बर है!" आणि गेली.

दुसरी आली. तसाच पदर. "साबूदाना. और मूँगफली." तीही "वा!" म्हणून गेली.

तिसरीनंही साबुदाणाच मागितला, तेव्हा मधुमतीजींनी छंगामलला विचारलं, "आज कोई त्योहार है क्या?"

"हमको तो नहीं मालूम, बहनजी," छंगामल म्हणाला. "पर सुबह से सब यही माँग रही हैं. पूरे लखनऊ का पेट ख़राब है शायद."

पद्मिनीनं मात्र मनातल्या मनात वार आणि तिथी मोजली. आज मंगळवार. आज चतुर्थी. अंगारकी! निशातगंजात आज अंगारकी धरणाऱ्या बायका आल्या कुठून?

चौथी बाई पुढे आली. पदर तोंडावर होता, पण पुडी घ्यायला वाकली तसं गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर लोंबलं. दोन वाट्यांचं. पद्मिनीला त्या वाट्या ओळखीच्या होत्या. लखनऊतल्याच अलीगंजच्या महाराष्ट्र मंडळात दर गणपतीला प्रसाद वाटताना त्या असंच लोंबायच्या. अध्यक्ष दीनानाथरावांच्या मंडळी, वासंतीकाकू.

"ज़रा रुकिए," मधुमतीजी काकूंना म्हणाल्या. "आप यह पुड़िया पढ़ती हैं?"

"रोज़!" काकू तयारीच्या होत्या. "पढ़े बिना हम रोटी नहीं भाजते."

"रहती कहाँ हैं?"

"यहीं. पीछे की गली में."

"पानी आता है?"

"खूप!" काकूंच्या आवाजात अलीगंजच्या नळांचा अभिमान उतरला. "चौबीस घंटे. हम तो अंगण भी धोते हैं."

मधुमतीजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पीछे की गली में. चौबीस घंटे."

पद्मिनीनं डोळे मिटून घेतले.

"तो चौथा भाग भी पढ़ा होगा. पानी कौन रोकता है?"

काकूंनी पुडीकडे पाहिलं, पण पुडी उलटी होती आणि चष्मा घरी होता. त्यांनी मदतीसाठी छंगामलकडे पाहिलं. छंगामलही उत्सुकतेनं त्यांच्याकडेच बघत होता.

"वो..." काकू म्हणाल्या, "सरकार!"

"सही कहा बहनजी!" छंगामलनं तराजूवर हात आपटला. "सब सरकार की बदमाशी है!" आणि ज्या पुडीवर त्याचं स्वतःचं नाव होतं, तिनंच त्यानं वारा घेतला.

पद्मिनी काकूंना हाताला धरून गुळाच्या ढेपांमागे घेऊन गेली.

"काकू, हे काय चाललंय?"

"हळू बोल गं. शुक्रवारी मंडळात ठराव झालाय. आपली मुलगी दिल्लीच्या बक्षिसाला उभी आहे म्हटल्यावर मंडळ हातावर हात ठेवून बसेल? हे म्हणाले, समिती येईल तेव्हा माल खपलेला दिसला पाहिजे आणि वाचक हजर दिसले पाहिजेत. लगेच उपसमिती नेमली."

"म्हणजे त्या सगळ्या पुड्या..."

"आम्हीच नेल्या! शनिवारी सकाळपासून पाळ्या लावल्या होत्या, आणि उरलेल्या पुड्या आमच्यासाठीच ठेव म्हणून दुकानदाराला बजावलं होतं. अगं, अलीगंजात आता माझ्या सुनेच्या सुनेला पुरेल एवढं जिरं आहे."

"आणि पुड्या?"

"जिरं डब्यात काढलं, पुड्यांना इस्त्री करून ठेवली. तुझ्या सत्काराला तोरण करणार आहोत."

पद्मिनीला हुंदका येतोय की हसू, तेच कळेना. "काकू, एखादी तरी वाचलीत का?"

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "वाचायच्या होत्या होय?"

म्हणजे चौथा भाग निशातगंजात पोचलाच नव्हता! वाचणारी बाई नव्हती असं नाही. तिला पुडीच मिळाली नव्हती. की पहिल्यापासूनच नव्हती? पहिल्या तीन भागांनाही कुठे कोण काय बोललं होतं? ते आता सांगता येत नव्हतं, आणि समिती तर चार पावलांवर उभी होती. काकूंचा पदर ओढून घेतला, आणखी दोन 'वा' झाल्या, तर कदाचित निभावून जाईल. नरेंद्रजी दुरूनच हात हलवून तेच सुचवत होते.

पद्मिनी गुळामागून बाहेर आली.

"मॅडम, ये पढ़ने वाली नहीं हैं. हमारे महाराष्ट्र मंडल की हैं, अलीगंज से आई हैं. मुझे अभी मालूम हुआ. आज इनका व्रत है, इसलिए साबूदाना. बाकी पुड़ियाँ भी इन्होंने ही ख़रीद लीं."

नरेंद्रजींच्या हातातला हार खाली पडला.

"तो असली पढ़ने वाली?" मधुमतीजींनी विचारलं.

"पता नहीं," पद्मिनी म्हणाली. "शायद हैं. शायद नहीं हैं."

मधुमतीजींनी दोन्ही सदस्यांकडे पाहिलं. एकानं घड्याळ बघितलं. ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं.

"कच्चे आम का छापिएगा इस बार," नरेंद्रजी पद्मिनीच्या कानाशी पुटपुटले. "मौसम है."

इतक्यात मागच्या गल्लीतून रिकाम्या बादल्यांचा खणखणाट आला. पुढे एक धिप्पाड बाई होती, रामदुलारी, त्या गल्लीतल्या सगळ्या भांडणांत जिचा शब्द शेवटचा असायचा. मागे दहा-बारा जणी. प्रत्येकीच्या हातात बादली आणि चेहऱ्यावर चार दिवसांचा राग.

"ऐ छंगामल!" रामदुलारीनं बादली थेट काउंटरवर आदळली. "शनीचर से सादे काग़ज़ में बाँध रहे हो! पुड़िया कहाँ है?"

"ख़त्म हो गई, भौजी."

"ख़त्म कैसे हो गई? तीन पढ़ा के चौथी ख़त्म? नाम किसका था? सास रोज़ पूछती है, नाम किसका था. मुई को पानी नहीं चाहिए, नाम चाहिए!"

"हमारे यहाँ दो तोला हींग ख़रीद ली पुड़िया के चक्कर में," दुसरी ओरडली. "निकला क्या? सादा काग़ज़!"

गाडीत चढायला उचललेला मधुमतीजींचा पाय परत रस्त्यावर आला.

रामदुलारीचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. "वो रही!"

"अहो, अहो! माझा साबुदाणा!" काकूंनी पुडी पोटाशी धरली.

"छोड़ो अम्मा!"

"हमारा उपास है!"

"और हमारा रोज़ उपास है, पानी का!"

पुडी इकडे ओढली, तिकडे ओढली, आणि टर्रकन फाटली. साबुदाणा हवेत उडाला आणि निशातगंजच्या तापलेल्या डांबरावर मोत्यांसारखा घरंगळत सगळीकडे पसरला. घड्याळ बघणारा सदस्य मध्ये पडायला धावला आणि खरोखरच मध्ये पडला. साबुदाण्यावरून घसरला तो थेट गुळाच्या ढेपेला मिठी मारून थांबला. कुणी त्याला उचललं नाही. सगळ्यांच्या नजरा रामदुलारीच्या हातातल्या कागदाकडे होत्या.

"पढ़, पढ़!"

रामदुलारी दोन इयत्ता शिकलेली. एकेक शब्द बोटाखाली दाबून धरल्याशिवाय तिला वाचता येत नव्हतं. पद्मिनीला वाटलं, हे वाक्य संपेपर्यंत आपण जिवंत राहत नाही.

"पंप... लगा है... गली के... पिछवाड़े... एक गोदाम में..."

"किसका गोदाम?" सगळ्या एकदम.

"अरे, साँस तो लेने दो! ...वहाँ... हौज भरा है... और भैंस... नहाती है..."

"भैंस?" बायका खवळल्या. "हम बूँद को तरसें और भैंस नहाए?"

"कौन है कमबख़्त?" छंगामलसुद्धा काउंटरवरून अर्धा बाहेर वाकला. त्याचा तर जीव टांगणीला लागला होता. "पढ़ो भौजी, जल्दी पढ़ो!"

"मालिक से... पूछा गया... तो उसने... हाथ जोड़ के कहा..." रामदुलारीनं बोट पुढे सरकवलं. "भगवान... का दिया... सब है."

रामदुलारीचं बोट तिथंच थांबलं.

"अमाँ," छंगामल नवल वाटून म्हणाला, "ये तो हम कहते हैं!"

नाव वाचायची गरजच उरली नाही.

मग बायका काउंटरवरून, काउंटरखालून, पोत्यांवरून, जशी वाट मिळेल तशा मागच्या गोदामात घुसल्या. छंगामल "अरे सुनो तो!" करत त्यांच्या पुढे धावत होता की त्यांच्यापासून पळत होता, हे कुणाला सांगता आलं नसतं. आतून पंपाची घरघर, म्हशीचं हंबरणं, बादल्यांचे आवाज. आणि सगळ्यांत मागून, एका हातानं निऱ्या उचलून आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री धरून, मधुमतीजी. पद्मिनी त्यांच्या मागे पळाली.

रामदुलारीनं पाइप दोन्ही हातांनी धरला आणि उपटला. पाण्याचा फवारा आधी छतावर गेला आणि मग पहिल्यांदा जे समोर दिसलं, त्याच्यावर येऊन पडला. समोर अध्यक्षा होत्या. छत्री मिटलेलीच राहिली.

त्या नखशिखांत भिजल्या. चष्म्यावरून पाणी गळत होतं. गल्लीतल्या बायका बादल्या भरता भरता एकदम थांबल्या.

मधुमतीजींनी चष्मा काढला, पदराच्या ओल्या टोकानं पुसायचा प्रयत्न केला आणि तसाच परत लावला.

"कानपुर में," त्या म्हणाल्या, "हम एक प्रोजेक्ट देख के आए. वहाँ पढ़ने वाली ढूँढ़नी पड़ी. यहाँ पढ़ने वालियाँ हमें रौंद के निकल गईं." मग रामदुलारीकडे वळून त्यांनी तिच्या कंबरेला खोचलेल्या कागदाकडे बोट केलं. "वह ज़रा दिखाना. नाम पढ़ना रह गया."

"नहीं देंगे," रामदुलारी म्हणाली. "पहले सास पढ़ेगी."

बाहेर काकू रस्त्यावर उकिडव्या बसून साबुदाणा गोळा करत होत्या. "हा आता उपासाला चालायचा नाही," त्या पद्मिनीला म्हणाल्या. "पण बघ, मंडळानं ठराव केला म्हणून सगळं नीट पार पडलं की नाही? आम्ही पुड्या उचलल्या नसत्या, तर या एवढ्या तापल्या असत्या का?"

पद्मिनी त्यांच्या शेजारी बसून साबुदाणा वेचू लागली. पुरस्काराची तार आली तेव्हा मंडळानं स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर केला, आणि तोरणसुद्धा लागलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अलीगंजातल्या बायका माना उंच करून चौथा भाग वाचत होत्या.

पण पुडीला दुकान उरलं नव्हतं. छंगामल आता माल पळसाच्या पानात बांधून देत होता. वर्षभराचा खर्च हातात आणि पुड्या घरात, अशा स्थितीत पद्मिनी निशातगंजातून चालली असताना समोरच्या किराणेवाल्यानं तिला हाक मारली. पूर्वी यानंच तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं.

"दीदी, पुड़िया हमारे यहाँ रखवा दीजिए न. ग्राहक सौदा बाद में पूछते हैं, पुड़िया पहले."

"रखवा दूँगी, भैया," पद्मिनी म्हणाली. "बस एक बात बताइए. आपके यहाँ पंप है?"

त्यानं मान वळवून दुकानाच्या मागच्या दाराकडे बराच वेळ बघितलं. आतून बारीक घरघर येत होती.

"शाम तक नहीं रहेगा, दीदी."